अक्कांचा चौकोनी सेल

अक्का मगदूम यांना माणसांआधी आवाज ओळखू यायचे. कुणाच्या कुकरची शिट्टी अडकलीय, कुणाचा पंखा घासतोय, कुणाच्या नळाचा वायसर गेलाय, हे त्या जिना चढता चढता सांगायच्या. त्यांची माझी ओळखही एका आवाजानंच झाली.

नवऱ्याची बदली कोल्हापूरला झाली आणि आम्ही शिवाजी पेठेतल्या एका गल्लीत, नव्यानं बांधलेल्या छोट्या इमारतीत भाड्यानं राहायला आलो. मी घरूनच एका छापखान्याची मुद्रितं तपासायचे. आल्यापासून घरात कुठंतरी 'टिक' असा आवाज यायचा. मी तो रातकिडा समजत होते. चौथ्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. बाहेर साठी उलटलेल्या, ठेंगण्या, नऊवारी घट्ट नेसलेल्या एक बाई उभ्या होत्या. एका हातात स्टूल.

"तुमच्यात काय वाजालंय?"

"रातकिडा असेल बहुतेक."

"दुपारी बारा वाजता? आन् तोबी मिनिटाला एकदा?"

माझ्या उत्तराची वाट न बघता त्या आत आल्या आणि छताकडे बोट केलं. तिथं बशीएवढी पांढरी चकती होती. बिल्डरनं प्रत्येक घरात ती बसवली होती. मला तो बंद पडलेला दिवा वाटला होता.

"धुराची घंटा हाय ती. सेल संपत आलाय तिचा, म्हणून कवापासनं सांगाली बिचारी. स्टूल धरा."

मी स्टूल धरलं. अक्कांनी चकती फिरवून काढली, आतला चौकोनी सेल बाहेर घेतला आणि त्याची दोन टोकं सरळ जिभेला लावली. "मेलाय," म्हणाल्या. मग कमरेच्या पिशवीतून नवा सेल काढला. तोही जिभेला लावला. त्यांचा चेहरा आंबट चिंच खाल्ल्यासारखा झाला. "हाय. जीव हाय."

चकती पुन्हा बसवून त्यांनी मधलं बटण दाबलं. घंटा अशी किंचाळली की माझे हात कानांवर गेले. अक्का मात्र स्टुलावर डोळे मिटून उभ्या राहिल्या. आवाज थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मी शेजारीच राहतो. काय लागलं तर हाक मारा."

कोल्हापुरात बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात हे मला तेव्हा नवं होतं. अक्कांच्या तोंडी ते फार शोभायचं.

त्या एकट्याच होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आयुष्य सूतगिरणीत काढलेलं. घर लखलखीत. जैन असल्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं असायचं, आणि त्यानंतर त्या सगळ्या घरातून एक फेरी मारायच्या. गॅसचा कॉक बंद, टीव्हीचा प्लग बाहेर, इस्त्रीवर हात ठेवून ती गार आहे याची खात्री. देवापुढची समईसुद्धा परातीत ठेवलेली. 'धूर विचारून येत न्हाई' हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, 'माणूस झोपला की नाक झोपतं, कान जागा राहतो.' हे दुसरं वाक्य त्यांचं इमारतीतल्या प्रत्येकाला ऐकवून झालं होतं.

दर पाडव्याला सकाळी, गुढ्या उभ्या राहायच्या आधी, त्या स्टूल घेऊन सहाही घरांत जायच्या आणि सगळ्या घंटांचे सेल बदलायच्या. लोक हसायचे. एक-दोन घरांतून 'आता नको, उद्या या' असं उत्तर मिळायचं. अक्का तिथंच जिन्यात स्टूल टेकवून बसायच्या. बाई स्टुलावर बसलेली बघून शेवटी कुणालाही दार उघडावंच लागायचं.

गिरणीबद्दल मात्र त्या अवाक्षर काढायच्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कापूस होता. सूत केलं. आनि काय?" आणि उठून आत गेल्या.

तळमजल्यावर विलास चव्हाणांचं घर होतं. विलास एमआयडीसीत नोकरीला, बायको रूपाली एका कापडदुकानात. घरात विलासची आई. सगळे तिला आज्जी म्हणायचे. आज्जीला कमी ऐकू यायचं आणि विसर पडायचा. एकदा ती घरातून निघून थेट रंकाळा तलावापर्यंत चालत गेली होती. तेव्हापासून दुपारी ती झोपली की रूपाली बाहेरून कुलूप लावून कामाला जायची. अक्कांना ते कुलूप डाचायचं. एक किल्ली आपल्याकडं ठेव म्हणून त्यांनी विलासला दोनदा सांगितलं होतं. तो 'बघू' म्हणायचा.

चव्हाणांची घंटा स्वयंपाकघराच्या दारावर होती. फोडणी पडली की ती बोंबलायची. आणि उन्हाळ्यात वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी मिरच्या भाजायला लागले की विचारूच नका. इमारत खोकायची आणि वरून ती घंटा. विलास वैतागून सेल काढून ठेवायचा, अक्का जाऊन परत घालायच्या.

"तुमास्नी आमच्या मसाल्याचा वास खपत न्हाई, असं सांगा की सरळ," तो एकदा म्हणाला. अक्का कांदा-लसूण खात नसत, त्यावर हा टोला होता.

"वास खपतो. धूर खपत न्हाई," अक्का म्हणाल्या.

विलासला दुसरा नाद फुटबॉलचा. पेठेतल्या मॅचेसना माईकवर बोलायचं काम त्याच्याकडं. त्या बिनवायरच्या माईकला तसलाच चौकोनी सेल लागतो. एका रविवारी अक्का चव्हाणांच्या घरात मागच्या खिडकीतून डोकावल्या. चकती उघडी, आत सेल नाही. रूपाली माहेरी गेलेली, आज्जी पलंगावर एकटी.

"चल," त्या मला म्हणाल्या. "रिक्षा कर."

मैदान गच्च भरलं होतं. हलग्या, शिट्ट्या, झेंडे. विलास एका उंच बाकावर उभा राहून बोलत होता. अक्का गर्दीतून वाट काढत पायऱ्या चढल्या आणि त्याच्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"सेल दे."

"अक्का, मॅच चालू हाय." माईक तोंडाशीच होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं.

"तुझी आई घरात एकटी हाय. घंटेतला सेल काढून तू हितं बोलालाईस. दे."

हेही मैदानानं ऐकलं. कुणीतरी शिट्टी मारली. एका कोपऱ्यातून हशा उठला. विलासचं तोंड लालबुंद झालं. त्यानं माईकचं झाकण उघडलं, सेल अक्कांच्या हातावर ठेवला आणि खाली मान घालून उभा राहिला. परत येताना रिक्षात अक्का सेल मुठीत आवळून बसल्या होत्या. मला वाटलं त्यांना जिंकल्याचा आनंद झाला असेल. पण त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

त्यानंतर विलासनं बोलणं टाकलं. घंटा उतरवून कपाटात टाकली. किल्लीचा विषय तर संपलाच. अक्का महिनाभर गप्प होत्या. मग एका दुपारी त्यांनी रूपालीला जिन्यात गाठलं.

"चूक माझीबी होती गं. फोडणीच्या डोक्यावर घंटा टांगली तर माणूस वैतागणारच. बाहेरच्या खोलीत लावूया. तिथं मिरची पोचत न्हाई."

रूपालीनं नवऱ्याला न सांगता घंटा काढून दिली. अक्कांनी ती बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला बसवली. सेल जिभेला लावून बघितला. बटण मात्र दाबलं नाही. विलास घरात झोपला होता.

ही गोष्ट एप्रिलमधली. मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, घंटा वाजायला लागली.

मी मुद्रितं तपासत बसले होते. तो सगळा आठवडा इमारतीत कुणा ना कुणाचा मसाला चालू होता. वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "चव्हाणांच्यात मिरच्या भाजालीत वाटतं." मी उठले आणि खिडकी लावून घेतली. हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही. मी खिडकी लावली आणि पुन्हा कामाला बसले.

दारावर थापा पडल्या. अक्का होत्या.

"तुला ठसका लागला का?"

"काय?"

"खोकला आला का तुला? मला आला न्हाई. मिरची आसती तर आतापतूर आख्खी बिल्डिंग खोकली आसती. ही मिरची न्हवं. खाली चल."

गुडघे दुखणारी ती बाई माझ्या पुढं जिना उतरली. चव्हाणांच्या दाराला कुलूप होतं. दाराच्या वरच्या फटीतून पांढरा, दाट धूर येत होता. जळक्या प्लास्टिकचा, थोडा गोडसर वास. विलास आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी चार्जिंगला लावायचा, हे मला तेव्हा आठवलं. अक्कांनी हाताची पालथी बाजू दाराला टेकवली आणि झटकन मागं घेतली.

"हिकडनं न्हाई जमायचं. जिन्याखाली मेन स्विच हाय, तो खाली वढ. आन् फोन लाव."

मी स्विच ओढला. अग्निशमन दलाला फोन लावला, गल्लीचं नाव सांगताना माझी जीभ अडखळत होती. गाडी निघतेय म्हणाले. अक्का तोवर मागच्या बोळात पोचल्या होत्या. तिथं चव्हाणांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार, आतून कडी. शेजारी लहान खिडकी. बोळात एक जुना पाटा-वरवंटा पडलेला होता.

"घाल वरवंटा काचेवर. तोंड फिरीव."

काच फुटली. मी हात आत घालून कडी चाचपडली, ती सापडेना, मग सापडली. दार उघडलं तसा धूर अंगावर आला. आतून घंटेचा आवाज येत होता, सतत, एकाच सुरात. आज्जी मधल्या खोलीत झोपायची. त्या खोलीच्या पलीकडंच आग.

अक्कांनी बोळातल्या बादलीत पदर बुडवला, तोंडावर गुंडाळला आणि गुडघ्यांवर बसल्या.

"अक्का, गाडी येतेय, थांबा."

"गाडी या बोळातनं न्हाई येत. ऐक. धूर वर ऱ्हातो, आपण खालनं जायाचं. मला आत काय दिसणार न्हाई. तू हितं दारात उभी ऱ्हा आन् बोलत ऱ्हा. काय बी बोल, पर थांबू नको. तुझा आवाज जिकडं, तिकडं दार."

आणि त्या रांगत आत गेल्या. चार हात गेल्यावर त्यांचे तळपायही दिसेनासे झाले.

मी बोलायला लागले. 'अक्का, मी इथं आहे, अक्का, मी इथं आहे.' मग काय बोलावं सुचेना. मी पाढे म्हणायला लागले. दोनचा, तीनचा, चारचा. लहान मुलीसारखी ओरडून. धूर घशात जात होता. सातच्या पाढ्यावर आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि मी थांबले. आतून अक्का खोकत ओरडल्या, "बोल." मी पुन्हा सुरू केलं. नऊ, दहा, अकरा. सतराचा पाढा मला कधीच नीट आला नाही. मी चुकीचा म्हणत राहिले.

सतरालाच असताना, की अठराला, मला आता सांगता येणार नाही, धुरातून अक्कांची पाठ दिसली. त्या उलट्या सरकत येत होत्या. दोन्ही हातांत वाकळेचं टोक. आज्जीला तिच्या अंथरुणाच्या वाकळेसकट त्यांनी फरशीवरून ओढत आणलं होतं. मी दोन पावलं आत जाऊन दुसरं टोक धरलं. आम्ही तिघी उंबऱ्यावरून बोळात पडलो.

आज्जीच्या नाकाखाली काळं झालं होतं. ती हलत नव्हती. अक्कांनी तिला कुशीवर वळवलं, पाठीवर थाप मारली. एक, दोन. तिसऱ्या थापेला आज्जी खोकली आणि किरट्या आवाजात म्हणाली, "कोन वाजवालंय गं मगाधरनं?"

अक्का भिंतीला टेकल्या आणि भडभडून ओकल्या.

बंब गल्लीच्या तोंडाशी थांबला, जवान पाइप ओढत आले आणि अर्ध्या तासात आग विझली. बाहेरची खोली कोळसा झाली होती. घंटा वितळून कपाटावर ओघळली होती. तिचा आवाज कधी थांबला, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आज्जी तीन दिवसांत दवाखान्यातून घरी आली. अक्कांच्या छातीत जास्त धूर गेला होता. त्या तिथंच होत्या. चौथ्या दिवशी विलास आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो सरळ पलंगाच्या पायथ्याशी वाकला.

अक्कांनी पाय आखडून घेतले. "पाया पडू नको."

"अक्का, माझं चुकलं. तुमी नसता तर..."

"पडू नको म्हणालो न्हवं."

तो उभाच राहिला. मग म्हणाला, पेठेतल्या तालमीतली सगळी मंडळी तुमचा सत्कार करायचा म्हणालीत. अक्कांनी कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. विलास माझ्याकडं बघत राहिला. मलाही काही कळेना. तो गेल्यावर त्या भिंतीकडं बघतच बोलायला लागल्या.

"गिरणीत आमच्या खात्यात आगीची घंटा हुती. कापसाची धूळ लई. त्या धुळीनं ती उगंच वाजायची, पाळीत तीन-तीन बार. वाजली की यंत्रं बंद, आन् मुकादम बोंबलायचा. एक दिवस मला म्हणाला, सुनंदा, त्या घंटेत बोळा घाल. मी घातला. कापसाचाच. शिडीवर चढून माझ्या हातानं घातला."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"आठ दिवसांनी आग लागली. आमी सगळ्या पळालो. शकुंतला मागच्या गोदामात हुती, कापसाच्या गासड्यांच्या आड जेवाय बसलेली. माझी जिवाची मैत्रीण. घंटा वाजली आसती तर तिला ऐकू गेली आसती. तिला कुणाची हाक बी पोचली न्हाई."

"तुम्हाला सांगितलं होतं म्हणून तुम्ही..."

"सांगितलं हुतं. खरं हाय. पर चौकशीत कुणी विचारलं न्हाई, आन् मी सांगितलं न्हाई. घंटा जळून गेली, बोळाबी जळून गेला. तिची पोरगी सहा वर्षांची हुती. तिच्या लग्नात मी पुढं हुतो. मावशी म्हणती मला." मग त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. "आता शाल-नारळ घिऊन मी कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

दवाखान्यातून सुटल्यावर डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून बजावलं. जयसिंगपूरची भाची न्यायला तयार होती. अक्का म्हणाल्या, येतो, पण आधी एका ठिकाणी जायचंय. मला बरोबर चल म्हणाल्या.

त्या परत पेठेत राहायला आल्या नाहीत. फोन व्हायचे, आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला, आणि थंडीत भाचीचा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आम्ही त्या ठिकाणी गेलो त्याच दिवशी.

शकुंतलाची मुलगी वैशाली नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावात राहते. एसटीतून उतरून आम्ही उसाच्या कडेनं चालत गेलो. अक्का दर वीस पावलांवर दम खायला थांबत होत्या. वैशाली दारातच होती. चाळिशीच्या आसपासची, हसतमुख.

"मावशी, किती वाळलाईसा. या की आत."

"हितंच बसतो," अक्का म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसल्या. वैशालीनं पाणी आणलं. अक्कांनी तांब्याला हात लावला नाही. मी अंगणाच्या कडेला शेवग्याखाली उभी राहिले.

अक्कांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं तितक्याच शब्दांत, कमी नाही, जास्त नाही. मुकादमाचं नाव एकदाच घेतलं. 'माझ्या हातानं' हे दोनदा म्हणाल्या. वैशालीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग तिनं विचारलं, "आईला त्रास झाला आसंल का?"

मला वाटलं आता अक्का काहीतरी मऊ सांगतील.

"झाला आसंल," अक्का म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू."

वैशाली उठली आणि आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आत भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. मी जवळ जाऊन म्हटलं, "अक्का, आपण निघूया का?"

"तू जा. तुझी गाडी चुकंल. भाची येती हाय मला न्यायला."

"आणि तोवर?"

"बसतो. ती जा म्हणाली की उठतो."

मला तिथं थांबायचा हक्क नव्हता. मी निघाले. शेताच्या वळणावर पोचल्यावर मागं वळून बघितलं. अक्का तशाच ताठ बसलेल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. वैशाली बाहेर आली होती. तिच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची बुट्टी होती. ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली, अक्कांकडं न बघता, आणि शेंगा फोडायला लागली. एक फोडली, दुसरी फोडली. अक्का हलल्या नाहीत. मग वैशालीनं बुट्टी उचलली आणि दोघींच्या मध्ये ठेवली.